चौथं प्रकरण आणि नदीत फसलेला टँकर

मी कोल्हापूरच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते आणि गेली सहा वर्षं शांतिसेनेवर पीएच.डी. करते आहे. मागच्या हिवाळ्यात त्यासाठी चार दिवस नागपूरला जाऊन आले. जाताना माझ्याजवळ एक पक्का निष्कर्ष होता आणि त्याला आधार म्हणून फक्त दोन माणसांच्या मुलाखती हव्या होत्या. परतले तेव्हा मुलाखती होत्या, निष्कर्ष नव्हता. स्टाफरूममध्ये सगळे विचारतात, नागपुरात काय पाहिलंस? फुटाळा तलाव पाहिलास का, संत्र्याची बर्फी आणलीस का? बर्फी आणली होती, ती संपली. बाकी काय पाहिलं ते मला दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

विषय आधी सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला. दोन देश आहेत. घरी त्यांचं एकमेकांशी पटत नाही, सरहद्दीवर दोघांचे सैनिक एकमेकांवर बंदूक रोखून उभे असतात. पण हेच दोन देश आफ्रिकेतल्या तिसऱ्याच देशात आपापली तुकडी पाठवतात, दोन्ही तुकड्यांच्या डोक्यावर सारखीच निळी टोपी असते आणि दोघांनी मिळून तिथल्या लोकांची भांडणं थांबवायची असतात. अशा वेळी ते एकमेकांना साथ देतात का? दिली तर तिथली भांडणं खरंच थांबतात का? माझ्या प्रबंधाचं उत्तर होतं: देतात, आणि थांबतात. पुरावा चौथ्या प्रकरणात होता.

त्या प्रकरणात एक नदी आहे आणि ती ओलांडायला गाडी, गुरं, माणसं सगळ्यांसाठी एकच उतार. पूर्वेच्या काठावर शेती करणारे, पश्चिमेकडून येणारे गुरं राखणारे. पाणी आटलं की दरवर्षी त्या उतारावर गोळीबार व्हायचा. पूर्वेला आपल्या जवानांची चौकी, पश्चिमेला आपल्या त्या शेजारी देशाच्या जवानांची. आणि एका वर्षी, अख्ख्या उन्हाळ्यात, तिथं एकही माणूस मेला नाही. वरिष्ठांना गेलेला अहवाल सांगतो की दोन्ही तुकड्यांनी संयुक्त गस्त घातली आणि उतारावरच्या पाण्याचं वेळापत्रक बसवून दिलं. माझं चौथं प्रकरण त्या एका परिच्छेदावर उभं होतं.

देशाचं आणि नदीचं नाव मी प्रबंधातही लिहिलेलं नाही, इथेही लिहीत नाही. ज्यांच्याशी बोलले त्यांना तसा शब्द दिला आहे. त्यांची नावंही बदलली आहेत.

सोमवार, रामदासपेठ

कोल्हापूर ते नागपूर म्हणजे आपल्याच राज्यात राहून दुसऱ्या राज्यात जाणं. स्टेशनवर उतरून लॉजवर सामान टाकलं आणि खालीच पोह्यांची गाडी दिसली. पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा ओततात, त्याला तर्री म्हणतात, एवढं ऐकून होते. गाडीवाल्याने प्लेट भरली आणि विचारलं, "सांबार टाकू का वरून?"

पोहे, त्यावर तर्री, त्यावर आणखी सांबार! मी घाबरून म्हटलं, "नको नको, वाटीत वेगळं द्या."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, एक वाटी घेतली आणि तिच्यात मूठभर चिरलेली कोथिंबीर घालून समोर ठेवली. नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी ती वाटी मोठ्या गांभीर्याने संपवली, कारण आता माघार घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. तर्रीबद्दल म्हणाल तर, आमच्या तांबड्या रश्श्याला तिखट म्हणणाऱ्या माणसाने ती एकदा खावी.

डॉक्टर घाटे यांचा हाडांचा दवाखाना तिथून चालत पाच मिनिटांवर. रामदासपेठेत दर तिसऱ्या इमारतीत दवाखाना आहे, त्यामुळे मी आधी दोन चुकीच्या जिन्यांवरून वर जाऊन आले. डॉक्टर लष्करातून निवृत्त झालेले, त्या नदीकाठच्या चौकीवर वर्षभर होते. साठीच्या पुढचे, ताठ बसणारे. दोन पेशंटच्या मध्ये मला आत घेतलं आणि एक संत्रं सोलून पुढे केलं.

मी रेकॉर्डर लावला. "सर, संयुक्त गस्तीची कल्पना पहिल्यांदा कोणी मांडली?"

"कोणती गस्त?"

मी अहवालाचा परिच्छेद समोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला आणि कागद परत केला.

"छान लिहिलंय. पण असं काही झालं नव्हतं."

"म्हणजे गस्त झालीच नाही?"

"एकदा निघाली होती. त्यांची गाडी पुढे, आपली मागे. फोटो काढले आणि परत आली."

"मग तो उन्हाळा शांत का गेला?"

"माझ्या तपासणीमुळे," डॉक्टर म्हणाले. यात त्यांना काही बढाई वाटत नव्हती, रोगाचं निदान वाचून दाखवावं तसं ते सांगत होते. "मी उताराशेजारच्या एका झाडाखाली टेबल टाकलं. दोन्ही काठांवरची माणसं रांगेत बसली. एकाचं लेकरू तापलेलं, दुसऱ्याचा पाय सुजलेला. दर आठवड्याला तो दिवस ठरला. ज्या रांगेत आपण बसतो त्या रांगेवर कोणी गोळी झाडत नाही, मॅडम. सिंपल आहे."

मला ते सिंपल वाटेना. "पण अहवालात तुमच्या तपासणीचा उल्लेखच नाही. गस्तीचा आहे."

"अहो, वर पाठवायचा अहवाल आहे. 'यंदा शांतता आहे, का आहे ते समजत नाही' असं लिहून कोण पाठवतं?"

बाहेर कोणीतरी कण्हत होतं. डॉक्टर उठले. दारापर्यंत येऊन म्हणाले, "भोयरला भेटणार आहात ना? चांगला माणूस आहे. आमचा टँकर चालवायचा. फक्त तो तुम्हाला टँकरचंच सांगत बसेल, हं."

जिना उतरताना मी स्वतःची समजूत घातली. दोन साक्षीदारांपैकी एक फुटला तरी दुसरा आहे.

मंगळवार, रामटेकच्या अलीकडे

निवृत्त हवालदार सुखदेव भोयर रामटेकजवळच्या एका खेड्यात राहतात. रामटेकच्या एसटीत मी कंडक्टरला दोनदा बजावून ठेवलं होतं की माझं गाव आलं की सांगा. तासाभराने तो मागून ओरडला, "मॅडम, तुमचं गाव येऊन राह्यलं!"

मी ऐकलं ते असं की गाव येऊन गेलं आणि मी बसूनच राहिले. धडपडत बॅग ओढली, दार उघडायला लावलं, उतरले. गाडी निघून गेल्यावर लक्षात आलं की इकडे 'येऊन राह्यलं' म्हणजे 'येतंय'. गाव अजून दोन-तीन किलोमीटर पुढे होतं.

पण ते चालणं मला आवडलं. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची खाचरं, मध्येच भारे रचलेले, लांबवर टेकडी आणि टेकडीवर रामाच्या देवळाचे पांढरे कळस. आमच्याकडे रोपाला भात म्हणतात आणि ताटातल्याला पण भातच. इथे शेतात उभं असतं ते धान, आणि भात फक्त शिजल्यावर. एका शब्दाने भागत असताना दोन कशाला, असं मी आधी म्हटलं असतं. त्या दिवशी वाटलं, बरंच आहे की, कुठली गोष्ट कुठल्या अवस्थेत आहे ते तरी कळतं.

सुखदेव भोयर अंगणात मळणी झालेल्या धानाची पोती शिवत होते. पन्नाशी उलटलेले, बुटके, रुंद खांद्यांचे. "पैदल आल्या? काहून बाप्पा? एसटी तं इथंच थांबते," असं म्हणून त्यांनी आत हाक मारली, "कांता, पानी आन वं! मॅडम पैदल आल्या!"

कांताबाई पाणी घेऊन आल्या आणि जेवल्याशिवाय काही विचारायचं नाही असं बजावून गेल्या. गोळाभात होता: भरड डाळीचे वाफवलेले गोळे भातावर कुस्करायचे, वर हिंगाची कडकडीत फोडणी, सोबत ताकाची कढी. मी तिसऱ्यांदा वाढून घेतला. हे सांगते आहे कारण पुढे जे झालं त्यात या जेवणाचा हिशेब आहे.

जेवणानंतर मी संमतीपत्र दिलं. माझं मराठीतलं आहे. सुखदेवभाऊंनी ते एकेका ओळीवर बोट ठेवून वाचलं. 'मला नको असलेल्या प्रश्नाचं उत्तर न देण्याचा हक्क आहे', 'मी मुलाखत केव्हाही थांबवू शकतो'.

"आन् मी तुमाले उलट काही इचारू शकतो का? ते नाई लिहिलं याच्यात."

"विचारा की," मी म्हटलं आणि त्यांनी सही केली.

मग ते बोलले. डॉक्टर म्हणाले होते तसंच, टँकरचं बोलले.

"पाह्यजा, त्या नदीच्या पोटात वाळू. वरून कडक दिसे. मी चौकीचं पानी भरून टँकर घेऊन परत येऊन राह्यलो होतो. बरोबर उताराच्या मधात मागची चाकं बसली. जेवढी रेस देतो तेवढा खाली. मी फसलो. आता उतार तं एकच, आन् त्याच्यात माहा टँकर आडवा. हुकूम असा का गाडी सोडाची नाई. म्हनून मी गाडीत बसलो. दुपारून तिकडून गुरंवाले आले. इकडून शेतीवाले आले, बंदुका घेऊन. दोघंही पाहून राह्यले. टँकर हटल्याशिवाय न गुरं इकडे येत, न हे तिकडे जात. भांडाले जागाच नाई!"

"मग?"

"मंग पलीकडच्या चौकीचा ड्रायव्हर आला, नजीर म्हनून. वायरची दोरी घेऊन. दोन झटक्यात तुटली. हेडक्वार्टरवरून मोठी गाडी येनार होती, ते आज येते, उद्या येते. नजीर परत गेलाच नाई. म्हने, अकेला बैठेगा क्या? तीन दिवस आमी दोघं त्या टँकरच्या सावलीत बसलो. आमची दाळ, त्याचा मसाला."

माझा पेन धावायला लागला. हेच तर हवं होतं! "म्हणजे दोन शत्रुराष्ट्रांच्या जवानांनी मिळून उतार रोखून धरला. ही संयुक्त कारवाईच झाली ना, भाऊ?"

ते विचारात पडले. माझं मन राखावं असं त्यांना वाटत असावं. "कारवाई कायची, मॅडम," शेवटी ते म्हणाले. "दाळ होती."

पुढची गोष्ट मला खोदून विचारावी लागली नाही, ती आपणहून आली. दुसऱ्या दिवशी शेतीवाल्यांच्या बाजूने एक म्हातारी उतारावर आली. तिकडे तहानलेली गुरं हंबरत होती. तिने टँकरच्या मडगार्डवर दगडाने ठणठण केलं आणि पलीकडे ओरडून काहीतरी सांगितलं. गुरंवाल्यांतला एक पुढे आला. दोघं ओरडून ओरडून बोलले. मग गुरं खालच्या अंगाला पाण्यावर गेली. दुपारी पुन्हा तिने ठणठण केलं, गुरं मागे वळली आणि बाया वरच्या अंगाला पाणी भरायला आल्या. तिसऱ्या दिवशी गुरंवाल्यांचेच बैल जुंपून टँकर निघाला. पण म्हातारी रोज येत राहिली, टँकर नव्हता तर पत्र्याचा डबा आणून वाजवायची. अख्खा उन्हाळा.

"म्हणजे वेळापत्रक तिने बसवलं?"

"आता ते आधीपासून त्यांचं होतं का तिनं तवाच काढलं, मले नाई सांगता येत. बोली नाई समजे ना आमाले. सायबानं मले इचारलं, काय चालू हाये तिकडे? मी म्हटलं, टाईमटेबल चालू हाये, साहेब. त्याइनं लिहून घेतलं."

मी वहीकडे पाहत होते. अहवाल, डॉक्टर, टँकर, म्हातारी. शांतता एक, कारणं चार. आणि माझ्या प्रबंधाच्या अनुक्रमणिकेत कारण एकच छापलेलं.

"आता माहा प्रश्न," सुखदेवभाऊ म्हणाले. "तुमी एवढे कागद पाह्यले असतीन. आमी आलो त्याच्यानंतर चौकी उठली म्हने. तिथं आता कसं हाये? ते गाव हाये का?"

मला माहीत होतं. अहवालांच्या शेवटी एक तक्ता आहे, वस्त्यांच्या नावांचा. चौकी उठल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात त्या गावाच्या नावापुढे 'रिकामे' असं लिहिलं आहे. घरं जळाली, माणसं सीमेपलीकडच्या छावण्यांत गेली. ते पान मी दोन वर्षांपूर्वी वाचलं होतं आणि प्रबंधात एका वाक्याने बाहेर ठेवलं होतं: 'त्यानंतरच्या घडामोडी प्रस्तुत अभ्यासाच्या कालखंडाबाहेर आहेत.'

सुखदेवभाऊ माझ्याकडे पाहत होते.

"नाही हो," मी म्हटलं. "त्याबद्दल काही माहिती नाही मिळाली."

ते "बरं" म्हणाले आणि पोती शिवायला लागले.

एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला कांताबाई आल्या. गाडी दिसल्यावर म्हणाल्या, "ताई, राग नका मानू. तुमी 'माहिती नाई' म्हटलं, तवा तुमी त्याइच्याकडे नाई पाह्यलं, वहीकडे पाह्यलं. दरसाल धान निघालं का हे तिथला विषय काढतात. त्या बुढीले काय झालं असंन, नजीरले मालूम असंन का. जे असंन ते सांगून टाकाचं होतं. परवा ते नागपूरले येनार हायेत, कळमन्याच्या बाजारात धान घेऊन."

गाडी आली. मी चढले.

बुधवार, पुन्हा रामदासपेठ

सकाळी डॉक्टरांकडे गेले. संमतीपत्रावरच्या सहीचं निमित्त होतं, खरं कारण वेगळं होतं. त्यांना तक्त्याची गोष्ट सांगितली. त्यांना ती ठाऊक होती.

"भोयरने विचारलं का? मलाही विचारलं होतं. दोन-तीनदा."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सगळं ठीक आहे म्हटलं." डॉक्टर खिडकीकडे बघत होते. "मॅडम, तुम्ही त्याला सांगून काय करणार? त्या तीन दिवसांवर तो माणूस खुश आहे. आम्ही तिथं जाऊन काहीतरी बरं करून आलो, एवढंच आहे आमच्याजवळ. मी सुद्धा सांगतो ना पेशंटांना, त्या झाडाखालच्या तपासणीचं. पुढचं नाही सांगत."

"पण मग तुमच्या तपासणीने काय झालं?"

"एक उन्हाळा शांत गेला," ते म्हणाले. मग सहीचा कागद पुढे ओढत, "मला वाटायचं, माझ्यामुळे गेला."

त्यांनी सही केली. एक संत्रं हातात दिलं.

दिवसभर मी लॉजच्या खोलीत बसून राहिले. एकीकडे डॉक्टर, त्यांचं म्हणणं पटत होतं. दुसरीकडे कांताबाई, त्यांचं तर फारच पटत होतं. वर्गात मी मुलांना शिकवते की तंटा सोडवायचा तर आधी दोन्ही बाजूंकडे सारखीच खरी माहिती हवी, नाहीतर विश्वास बसत नाही. त्या तासाला मी फळ्यावर बाणही काढते. आणि स्वतः एका माणसाच्या घरी तीनदा भात वाढून घेऊन त्याला खोटं सांगून आले होते. तेही अमुक एका हेतूने नाही. मला ते सांगायचं कसं, हे कळलं नव्हतं, एवढंच.

मार्गदर्शक सरांना फोन करावासा वाटला. केला नाही. ते म्हणाले असते, कालखंडाबाहेर आहे.

गुरुवार, कळमना

कळमन्याचा बाजार म्हणजे आमचं कोल्हापूरचं शाहू मार्केट दहा वेळा एकमेकांना जोडावं तसा. एका बाजूने संत्र्यांच्या ढिगांचा आंबटगोड वास, दुसरीकडे धान्याच्या शेड, मधून ट्रक, हातगाड्या आणि पाठीवर पोतं घेऊन 'बाजू, बाजू' करत धावणारे हमाल. मी अर्धा तास चुकीच्या शेडमध्ये हरभऱ्याच्या पोत्यांत त्यांना शोधत होते. शेवटी फोन केला. सुखदेवभाऊ म्हणाले, "जिथं उभ्या हा तिथंच राहा, मीच येतो," आणि खरंच पाच मिनिटांत समोर आले. डोक्याला मफलर, अंगभर धानाचा कोंडा.

त्यांच्या पोत्यांपाशी आम्ही बसलो. लिलावाला वेळ होता. मी पाठ करून आलेलं वाक्य विसरले.

"भाऊ, परवा मी खोटं बोलले," मी म्हटलं. "मला माहीत होतं. ते गाव आता नाही. चौकी उठल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात जळालं. माणसं छावण्यांत गेली, सीमेच्या पलीकडे."

शेजारून एक ट्रक मागे येत होता, त्याचा भोंगा वाजत होता. तो थांबल्यावर त्यांनी विचारलं:

"परवा काहून नाई सांगतलं?"

"कसं सांगावं कळलं नाही."

"आमच्या घरी जेवल्या तुमी." आवाज चढला नव्हता. "जेवून, तोंडावर खोटं. डॉक्टर साहेब 'ठीक हाये' म्हनत, त्याचं मले काई नाई वाटत, ते साहेब हायेत. तुमी तं लिहून घ्याले आल्या होत्या. तुमीच असं केलं तं मंग कागदात काय असंन?"

मी मान खाली घालून बसले. ते उठून गेले. मला वाटलं, आता येत नाहीत. पोती तशीच होती, मी त्यांच्यापाशी, कोणी विचारलं तर कोणाची म्हणून सांगायचं तेही कळेना. बऱ्याच वेळाने ते दोन चहा घेऊन आले. एक माझ्या हातात दिला. डोळे लाल होते, पण तिथं कोंड्याने सगळ्यांचेच लाल होते.

"कोन कोनीकडे गेलं, लिहिलं हाये का?"

"नाही. फक्त छावण्या एवढंच."

"गुरंवाले आन् शेतीवाले एकाच छावणीत हायेत का अलग अलग?"

सहा वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता, कोणत्याही पुस्तकात वाचल्याचंही आठवत नव्हतं. फोनवर तो तक्ता उघडला, वर-खाली केला. त्यात असला रकानाच नव्हता.

"माहीत नाही," मी म्हटलं, आणि या वेळी त्यांच्याकडे बघून म्हटलं. "खरंच माहीत नाही."

"एकाच असतीन तं तिथंही पान्याची लाइन लागत असंन," ते म्हणाले. "कोनी ना कोनी डबा वाजवत असंन." मग मान हलवली. "का तिथंही मारामारीच चालू असंन. काय सांगावं."

मी विचारलं, त्यांच्या त्या तीन दिवसांचा आता काही उपयोग झाला असं त्यांना वाटतं का. हा प्रश्न विचारायला नको होता.

"मले नाई समजून राह्यलं," ते म्हणाले. "लेकरं तवा पान्यावर येत होती, हे खरं हाये. मी पाह्यलं. नंतर गाव जळालं, हेही खरं. दोन्ही एकाच वहीत लिहा म्हंजे झालं. मधात काय हाये, ते तुमी शिकल्या, तुमी पाहा."

लिलाववाले त्यांच्या रांगेशी आले, ते उठले. मी निघाले तर मागून हाक आली.

"मॅडम! त्या बुढीचं नाव लिहा तुमच्या कागदात. न्यादोल. आमी तिले तेच म्हनो. आता ते तिचं नाव होतं, का त्यांच्या बोलीत आजीले तसं म्हनतात, का 'थांबा' म्हनत होती, हे काई मले ठाऊक नाई. पन ओ देत होती."

नेमकं कसं उच्चारायचं ते त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवलं, आणि मी त्या गर्दीत उभी राहून त्यांच्यामागून दोनदा म्हटलं. एक हमाल थांबून बघायला लागला.

परत आल्यावर चौथं प्रकरण मी पाचदा लिहिलं. आता त्यात अहवालाचं म्हणणं आहे, डॉक्टरांचं आहे, टँकरचं आहे, त्या म्हातारीचं आहे, आणि 'कालखंडाबाहेर' हे वाक्य काढून तिथं ते तक्त्यातलं पान आहे. निष्कर्षाच्या जागी अडीच पानं आहेत, ज्यांना सर निष्कर्ष मानायला तयार नाहीत. छावण्यांत काम करणाऱ्या दोन ठिकाणी मी पत्रं पाठवली आहेत, एकच छावणी की वेगवेगळ्या ते विचारलं आहे. अजून उत्तर नाही. सुखदेवभाऊ महिन्यातून एकदा फोन करून विचारतात.

प्रबंध इंग्रजीत आहे. सरांनी परवा त्या म्हातारीच्या नावाखाली लाल रेघ मारून बाजूला लिहिलं, स्पेलिंग काय? मी सुखदेवभाऊंना फोन लावला. ते म्हणाले, "मले काय मालूम? ती ओरडून बोले, आमी आयको. लिहून तं कोनीच नाई दाखवलं."

शेवटी मी ते देवनागरीतच ठेवलं आहे. एकशे चौदाव्या पानावर, इंग्रजी ओळींच्या मधोमध: न्यादोल. बाहेरचे परीक्षक विचारतील, हे काय आहे. मी सांगेन, हे नाव आहे, किंवा नातं आहे, किंवा आज्ञा आहे. मला माहीत नाही. पण त्या उन्हाळ्यात दोन्ही काठांवरची माणसं हे ऐकत होती.